पेशीला घाई नसते

(अंबाजोगाई येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी मला पहिल्यांदा पेशी दुभंगताना दाखवली. कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवायचा, मुळे फुटली की सकाळी त्यांची टोके कापायची, ॲसिटोकार्मिनमध्ये गरम करायची, काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने हलकेच दाबायची. मायक्रोस्कोपला डोळा लावला की शेकडो चौकोनी खोल्या दिसतात. बहुतेक शांत. मधूनच एखादीत लाल दोऱ्यांचा गुंता, एखादीत ते दोरे मधोमध रांगेला लागलेले, एखादीत दोन टोकांकडे निघालेले. आम्ही पोरे उत्साहाने त्या दुभंगणाऱ्या पेशी मोजायला लागायचो. सर म्हणायचे, "आधी शांत बसलेल्या किती आहेत ते मोजा." त्या मोजणीचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. आजचे बोलणे त्या शांत बसलेल्या पेशींविषयी आहे.

आणि एका प्रश्नाविषयी. काही वर्षांपूर्वी धारूरकडच्या एका तांड्यावरून आलेली माझी विद्यार्थिनी तास संपल्यावर मागे थांबली. म्हणाली, "मॅडम, पिशवीला सूज असली तर किती दिवसांत कॅन्सर होतो?" मी विचारले, कुणाला काय झालंय? तिच्या आईच्या अंगावरून पांढरे जात होते, ओटीपोट दुखत होते. एका दवाखान्यात सांगितले, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. आईने उसनवारी केली आणि आठवड्याच्या आत पिशवी काढली. आई तेहतीस वर्षांची. तो दवाखाना कोणता, हे मला सांगायचे नाही, कारण प्रश्न एका दवाखान्याचा नाही. मला खुपले ते वेगळेच. त्याच तासाला मी फळ्यावर पेशीविभाजनाच्या चार अवस्था काढल्या होत्या. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याच विषयात होते आणि इतक्या वर्षांत मी ते एकदाही वर्गात सांगितले नव्हते. ते आज सांगते.

सुरुवात आपल्या रानातून करू. वाढणे आणि दुभंगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापसाचे बोंड उकलले की सरकीला चिकटलेला जो धागा दिसतो, तो सबंध धागा एकच पेशी असते. फूल उमलते त्या सुमारास सरकीच्या सालीवरची ती पेशी लांब व्हायला लागते आणि साधारण तीन आठवड्यांत अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत ताणली जाते. या सगळ्या काळात ती एकदाही दुभंगत नाही. नुसती वाढते. आपण अंगावर घालतो तो कापूस म्हणजे न दुभंगलेल्या पेशींचे कापड.

आता ऊस बघा. आपण उसाचे बी पेरत नाही, टिपरी लावतो. टिपरीवरच्या डोळ्यातल्या पेशी दुभंगतात, त्यांतून कोंब येतो. महाराष्ट्रात सगळीकडे लागलेला को ८६०३२ हा वाण कोइंबतूरच्या ऊस पैदास संस्थेत एका संकरातून तयार झाला. तेव्हापासून त्याचे जितके ऊस उभे राहिले, ते सगळे त्या एका रोपाच्या पेशींची नक्कल, नकलेची नक्कल. वाण बदलत नाही, कारण पेशी आपला मजकूर फार इमानाने उतरवून काढते. ज्या उसामागे आपल्या जिल्ह्याची माणसे दर हंगामात घर सोडतात, तो ऊस मुळात पेशीविभाजनाचाच पाठ आहे.

हा मजकूर केवढा? आपल्या या गावात दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहिलेला ग्रंथ, घडी घातला की पेटीत मावणारा. आपल्या प्रत्येक पेशीत तशीच एक पासोडी आहे. तिचे नाव डीएनए. तिची लांबी जवळपास दोन मीटर, आणि ज्या केंद्रकात ती घडी घालून ठेवलेली असते ते डोळ्याला दिसतसुद्धा नाही. त्यावर चारच अक्षरे, पण एकूण सुमारे ६४० कोटी. पासोडीचे ४६ तुकडे केलेले असतात, त्यांना आपण गुणसूत्रे म्हणतो. पेशीला दोन व्हायचे तर आधी ही सगळी अक्षरे उतरवून काढावी लागतात.

हे काम कसे होते, ते मला आजही थरारून टाकते. दोन धाग्यांची वीण उसवते आणि प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा धागा विणला जातो. म्हणजे प्रत्येक नव्या प्रतीत अर्धा भाग जुना असतो, हे मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले. माणसाच्या पेशीत नक्कल सेकंदाला पन्नासेक अक्षरे या वेगाने चालते. एकाच जागेपासून सुरुवात केली तर सगळा मजकूर उतरायला दोन वर्षे लागतील. प्रत्यक्षात लागतात सात-आठ तास. कारण ऊसतोडीची टोळी जशी फडात अनेक सऱ्यांवर एकदम भिडते, तसे हे काम हजारो ठिकाणी एकदम सुरू होते आणि कडा एकमेकींना येऊन मिळतात. आणि चुका? उतरवणारे एन्झाइम लाखात एखादे अक्षर चुकते. चुकले की तेच मागे वळून खोडते. तरी राहिले तर दुसरी टोळी तपासत येते. शेवटी शंभर कोटी अक्षरांमागे जेमतेम एखादी चूक उरते. जगातल्या कुठल्याही लेखनिकाने एवढे शुद्ध लेखन केलेले नाही.

संशोधकांनी यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र उशिरा विचारला: पेशी दुभंगायचे ठरवते कशी? त्याची उत्तरे यीस्टमध्ये आणि समुद्री अर्चिनच्या अंड्यांमध्ये सापडली. लेलँड हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट यांना त्यासाठी २००१ चे नोबेल मिळाले. त्यांनी दाखवले की पेशी एका टप्प्यावरून दुसऱ्यावर आपोआप घरंगळत जात नाही. मध्ये नाके आहेत. पहिल्या नाक्यावर विचारणा होते: अन्न पुरेसे आहे का, शेजाऱ्यांचा निरोप आला का, मजकुरात कुठे फाटाफूट तर नाही? नक्कल झाल्यावर दुसरे नाके: सगळे उतरले का? आणि दुभंगण्याच्या ऐन क्षणी तिसरे: सगळ्या गुणसूत्रांना दोन्ही बाजूंच्या दोऱ्या नीट जोडल्या गेल्या का? एक जरी सुटे राहिले तरी बाकीची पंचेचाळीस थांबून राहतात.

या नाक्यांवरचे दोन पहारेकरी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एकाचे नाव आरबी. पहिल्या दाराला अडसर घालून बसणे हे त्याचे काम. दुसऱ्याचे पी ५३. मजकूर फाटला असेल तर तो पेशीला थांबवतो, दुरुस्तीला वेळ देतो, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला स्वतःहून मरायला लावतो.

म्हणजे पेशीच्या आयुष्यात थांबणे हा नियम आहे आणि दुभंगणे ही परवानगी. आपल्या शरीरात तीस लाख कोटींच्या आसपास पेशी आहेत. दर सेकंदाला तीस लाखांहून जास्त नव्या तयार होतात, त्यातल्या बहुतेक रक्ताच्या. शरीरातल्या बाकीच्या बहुतेक पेशी थांबलेल्या. सर आम्हाला शांत पेशी का मोजायला लावत, ते इथे कळते.

आता पिशवीकडे येते. बायकांनी यात लाजू नये, पुरुषांनी नीट ऐकावे.

शरीरात परवानगी आणि पहारा यांचा सगळ्यांत सुंदर नमुना गर्भाशयाचा आतला थर आहे. पाळी येऊन गेली की तो एक-दोन मिलिमीटर उरतो. मग अंडाशयाचा निरोप येतो, तळाशी राहिलेल्या पेशी दुभंगायला लागतात आणि दोन आठवड्यांत थर अनेक पट जाड होतो. दुसरा निरोप आला की विभाजन थांबते. गर्भ राहिला नाही तर थर गळून पडतो. मग पुन्हा पहिल्यापासून. बाईच्या आयुष्यात हे चारशेच्या आसपास वेळा घडते. इतक्या वेळा वाढून, इतक्या वेळा थांबणारा अवयव दुसरा नाही. "पोरं झाली, ऑपरेशन झालं, आता पिशवीचं काय काम" हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ते मला फार लागते.

पिशवीचे तोंड, म्हणजे गर्भाशयमुख, ही वेगळी जागा. तिथल्या कातडीत पेशींचे थर असतात. तळाच्या पेशी दुभंगतात, वरच्या थरातल्या दुभंगणे सोडून देतात, चपट्या होतात आणि झडतात. एचपीव्ही नावाचा विषाणू बारीकशा ओरखड्यातून तळाच्या पेशीत शिरतो. त्याच्याकडे स्वतःची नक्कल करायचे सामान नाही. ते सामान पेशीकडे आहे, पण पेशी दुभंगायच्या तयारीत असेल तेव्हाच ते बाहेर निघते. म्हणून विषाणू दोन प्रथिने तयार करतो. ई ७ आरबीला बांधून अडसर काढते. ई ६ पी ५३ ला नष्ट करवते. जी पेशी थांबायला हवी होती ती कामाला लागते आणि विषाणूचे साधते. त्याला कॅन्सर घडवायचा नसतो, त्याला फक्त चालू असलेला छापखाना हवा असतो. कॅन्सर हा त्या उघड्या राहिलेल्या दाराचा परिणाम आहे. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ आणि १९८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून एचपीव्ही १६ आणि १८ हे प्रकार शोधून काढले. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

त्या शोधात एका बाईच्या पेशी होत्या. हेन्रिएटा लॅक्स, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तंबाखूच्या शेतात राबलेल्या घरातली कृष्णवर्णीय बाई, पाच मुलांची आई. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या गर्भाशयमुखातून एक तुकडा घेतला गेला. तिला विचारले नव्हते. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, एकतिसाव्या वर्षी, ती गेली. तिच्या पेशी प्रयोगशाळेत जगत राहिल्या, साधारण दर चोवीस तासांनी दुप्पट होत राहिल्या, आजही होतात. हीला या नावाने त्या जगभर गेल्या, पोलिओच्या लशीपासून पुढच्या कितीतरी शोधांत वापरल्या गेल्या. कुटुंबाला हे वीसेक वर्षांनी कळले. त्या पेशींमध्ये एचपीव्ही १८ चे जनुक सापडले. राबणाऱ्या बाईच्या शरीरातून न विचारता घ्यायचे, ही गोष्ट फक्त आपल्या जिल्ह्याची नाही.

पण माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न 'किती दिवसांत' असा होता. विषाणू शिरलेल्या दहा बायकांपैकी नऊजणींचे शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावते. उरलेल्या थोड्यांत तो ठाण मांडतो. तिथेही लगेच कॅन्सर होत नाही. पहारा ढिला पडल्यावर दुभंगत दुभंगत चुका साठाव्या लागतात, एकीवर एक. त्यातले बरेच बिघाड आपोआप मागे फिरतात. निरोगी बाईत संसर्गापासून कॅन्सरपर्यंत सहसा पंधरा ते वीस वर्षे जातात. प्रतिकारशक्ती फार खालावलेली असेल तर पाच-दहा. आठवडे नाहीत, वर्षे. पेशीला घाई नसते.

आणि सूज? सूज बहुतेकदा जंतुसंसर्गाची असते, ती औषधाने बरी होते. पांढरे जाण्याचेही बहुधा तेच. गाठ, जिला डॉक्टर फायब्रॉइड म्हणतात, ती स्नायूच्या एकाच पेशीच्या नकलांची असते. ती वाढते, त्रास देते, रक्तस्राव वाढवते, पण सीमा ओलांडत नाही, आणि पाळी गेल्यावर बहुधा आकसते. तिचा कॅन्सर होणे अत्यंत विरळा. पिशवी काढावी लागते अशी कारणे नक्की आहेत, आणि कित्येकींचा जीव त्या शस्त्रक्रियेने वाचलेला आहे. पण "सूज आहे, कॅन्सर होईल" हे त्या कारणांत बसत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचा आकडा सांगते. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जात असल्याची बोंब झाल्यावर विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. सहा बायकांमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभराला तीनच्या थोडे वर आहे. बीडमधल्या त्या बायकांतल्या कित्येकजणी चाळिशीच्या आतल्या.

कारणे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहेत. मुलगी पंधरा-सोळाव्या वर्षी उजवतात, कारण एकट्या माणसाला उचल मिळत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. कोपीत राहायचे, पहाटे अंधारात फडात उतरायचे, डोक्यावर मोळ्या घेऊन शिडीने ट्रकवर चढायचे. ना आडोसा, ना पुरेसे पाणी. पाळीत कापड बदलायला जागा नाही, म्हणून संसर्ग. एक दिवस बसले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. अशा बाईला पाळी हाच आजार वाटायला लागतो. त्यात कुणी कॅन्सर हा शब्द उच्चारला की ती पुढे काही विचारत नाही. पिशवी काढल्यावर तिच्या कमरेचे, हाडांचे काय होते? अंडाशये काढली असतील तर तिशीतच पाळी जाण्याचे सगळे परिणाम; ठेवली असतील तरी ती पुष्कळदा लवकर थकतात. हाडे ठिसूळ होतात. आणि मोळी तेवढ्याच वजनाची असते.

मला सगळ्यांत जास्त वाईट वाटते ते याचे, की खरे उत्तर आपल्या शेजारीच तयार झाले होते. बालाघाट उतरला की बार्शी. तिथे डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि १९८७ मध्ये बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांची देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, खेड्यांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्हीची चाचणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत पातळ ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि काहींत नेहमीची व्यवस्था. ॲसिड लावले की मिनिटभरात बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी दिसते. आठ वर्षांनी हिशेब मांडला. नेहमीच्या व्यवस्थेतल्या गटांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ६४ जणी गेल्या, एचपीव्ही चाचणीच्या गटांत ३४. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. ज्यांची चाचणी निगेटिव्ह आली, त्यांच्यातली एकही या कॅन्सरने दगावली नाही. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाने तपासणीची धोरणे आखताना त्याचा आधार घेतला. ज्या बायकांनी हे ज्ञान जगाला दिले त्या आपल्याच बोलीच्या, आपल्याच कोरडवाहू रानातल्या.

बिघाड सापडलाच तर पिशवी काढावी लागत नाही. तोंडाची तेवढी जागा गोठवून किंवा जाळून टाकतात. बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. त्या पंधरा-वीस वर्षांचा उपयोग हा असा करायचा असतो.

तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमध्ये दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. एकीकडे तपासणी नाही आणि दुसरीकडे पिशवी काढायची घाई. हे एकाच अज्ञानाचे दोन चेहरे आहेत, आणि त्यात आम्ही शिकवणारेही आलो.

काही बदलले आहे. बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली गेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने एचपीव्हीची देशी लस तयार केली. नऊ ते चौदा वयाच्या मुलीला ती मिळाली तर विषाणू दारातच अडतो. अंबाजोगाईत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे.

म्हणून माझे मागणे थोडे आहे आणि ते इथे बसलेल्या प्रत्येकाकडे आहे. आशाताई, टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, तुमच्या गावातली तीस वर्षांपुढची प्रत्येक बाई एकदा तपासणीला आणा. पाळी गेल्यावर रक्त गेले, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर हंगाम संपायची वाट बघू नका. हे लक्षण लगेच दाखवायचे. विद्यार्थ्यांनो, पेशीविभाजनाच्या चार आकृत्या पाठ करा आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आईला, मावशीला त्या समजावून सांगा. आणि बायांनो, कुणी कॅन्सरचे नाव घेऊन पिशवी काढायला सांगितले तर अंगठा उठवण्याआधी एवढेच विचारा: तुकडा तपासला का? तपासला असेल तर त्याचा कागद द्या. नसेल तर आधी तपासा. तेवढा वेळ तुमच्याकडे आहे.